निरोप्यांचा रकाना

समताला माणसांचा राग लवकर येत नसे. तिला राग यायचा तो कागदांचा, नियमांचा आणि रकान्यांचा. त्यातल्या एका रकान्याने तर तिला गेलं वर्षभर असं पिडलं होतं की स्वयंपाकघरातून भाजी चिरण्याचा आवाज जरा मोठा आला, की तिचा नवरा बुद्धप्रिय समजून जायचा: बाईसाहेबांना परदेशातून मेल आला.

बेळगावातल्या एका कॉलेजात ती इतिहास शिकवायची. केस पिकायला लागले तरी तात्पुरती होती. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत व्हायची. गेल्या वर्षी तिच्याच हाताखाली शिकलेल्या पोराने तिला गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, 'इतिहासाकडे तुमचा कल का आहे?' असल्या अपमानांची तिला सवय झाली होती. म्हणून तिकडच्या एका विद्यापीठाने घरबसल्या काम देऊ केलं, तेव्हा तिने फार चौकशी न करता होकार कळवला.

काम मोठं नवलाचं होतं. जगात आजवर जे जे समाज होऊन गेले, त्यातला कुठला किती गुंतागुंतीचा होता हे त्या लोकांना मोजायचं होतं. मोजायचं म्हणजे अक्षरशः मोजायचं. प्रश्नांची भलीमोठी यादी होती. लिहिणं होतं का? नाणी होती का? पूल, कोठारं, निवाडा करणारी माणसं, कायमचं सैन्य? प्रत्येक प्रश्नाला तीनच उत्तरं: होते, नव्हते, माहीत नाही. सगळी उत्तरं भरली की यंत्र त्यातून एक आकडा काढायचं, आणि वर्षांमागून वर्षं त्या आकड्यांची रेघ वर चढायची नाहीतर खाली उतरायची. रोम झालं होतं, चीन झालं होतं. आता त्यांना खेडी हवी होती, आणि काळही थेट स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांपर्यंत ओढायचा होता. निपाणीभोवतालची काही गावं समताच्या वाट्याला आली. त्यातलं एक तिच्या वडिलांचं होतं.

सुरुवातीला तिला हे काम मनापासून आवडलं. वर्गात ती राजांची सनावळी शिकवून कंटाळली होती. इथे कोणीतरी निदान विचारत होतं की धान्य कुठे ठेवायचे आणि ओढा कसा ओलांडायचे. ती चार दिवस खुशीत होती. पाचव्या दिवशी तिने वडिलांच्या गावाचं शीट उघडलं. 'निरोप पोचवणारी नेमलेली माणसं' असा एक रकाना होता आणि त्यात कोणीतरी आधीच भरून ठेवलं होतं: नव्हते.

भरणारा आदर्श होता. उचगावच्या शेतकरी घरातला मुलगा, पूर्वी मच्छे गावातल्या एका कारखान्यात मालाच्या नोंदी बघायचा. आकड्यांत हुशार, स्वभावाने गरीब. या भागाचं सगळं काम जुळवून तिकडे पाठवायची जबाबदारी त्याच्यावर होती. समताने त्याला फोन लावला.

“आदर्श, हे ‘नव्हते’ कुणी भरलं?”

“मीच की आक्का. नियमात बसंना झालंय. नेमणूक पायजे, पगार पायजे. ह्यास्नी पगार कुठं हुता?”

“पाटलाला तरी कुठं होता? त्याच्यापुढं ‘होते’ भरलंयस.”

“पाटलाची सनद हाय न्हवं.”

“आणि पाटलाचा कागद तालुक्याला काय उडत जायचा रं?”

 आदर्शच्या घरात पणजोबांपर्यंत पाटीलकी होती आणि हे दोघांनाही माहीत होतं. “मी बदलतो की,” तो हळूच म्हणाला, “पर इंग्रिडबाई पुरावा मागणार बघा.”

इंग्रिड म्हणजे तिकडची तपासनीस. तिने पुरावा मागितलाच. समताने जुनी दप्तरं धुंडाळून गावकामगारांच्या नोंदी पाठवल्या. उत्तर आलं: इथे नोकर म्हणून नोंद आहे, ते निरोप नेत असं कुठे म्हटलं आहे? समताने जिल्ह्याचं जुनं वर्णन पाठवलं. उत्तर आलं: हे जिल्ह्याचं झालं, आम्हाला त्या गावाचं हवं. मध्येच तिसरंच लचांड निघालं. आदर्शने ते गाव महाराष्ट्राच्या यादीत टाकलं होतं! मुद्दाम नव्हे. सीमाभागातल्या कितीतरी मराठी घरांत पोर बोलायला लागतं तेव्हापासून हेच ऐकतं, की आपण महाराष्ट्राचे. त्याचा हात आपोआप तिकडे गेला. इंग्रिडने विचारलं, हे गाव नकाशात कर्नाटकात दिसतं, ते हललं आहे का? समताने दात-ओठ खात लिहिलं की गाव जागचं तसूभरही हललं नाही, छप्पन साली राज्य हललं. त्यावर आलं, धन्यवाद, मग छप्पननंतर गावासाठी वेगळी ओळ करा. झालं! पूर्वी एक ओळ होती तिथे दोन झाल्या, आणि दोन्हीत लिहिलं होतं: नव्हते.

आता हा एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणालाही वाटेल. बुद्धप्रियला वाटायचंच. पण समताच्या घराण्याकडे त्या गावाची तराळकी होती. गावाचा निरोप न्यायचा, तो त्यांनी. साहेब आला तर त्याच्यापुढे धावायचं, शेतसारा कचेरीत पोचवायचा, कुणी मेलं की नातेवाइकांच्या गावोगाव जाऊन कळवायचं. तिचा पणजा हेच करत मेला, आजा हेच करत म्हातारा झाला, आणि बापाने, भीमाप्पांनी, वयाच्या विशीपर्यंत हेच केलं. इतक्या पिढ्यांनी तुडवलेल्या वाटेवर कोणी साता समुद्रापलीकडे बसून ‘नव्हते’ लिहीत होतं, आणि ते तसंच छापून कायमचं राहणार होतं. समताला ते ‘नव्हते’ पुसायचं होतं. बाकी जगाचा आकडा काय येईल त्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

शेवटी इंग्रिडने एक फट ठेवली. ते काम स्वतः केलेला माणूस हयात असेल तर त्याची जबानी ध्वनिमुद्रित करून पाठवा, ती चालेल.

माणूस हयात होता. समताच्याच घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर बसून कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची रहदारी बघत होता. आई, तानीबाई, गेल्यापासून आप्पा निपाणीचं घर सोडून लेकीकडे आले होते. उंच, वाळलेले, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. पण गावाचा विषय निघाला की तोंडाला कुलूप. समताने लहानपणापासून विचारून बघितलं होतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या हमालीबद्दल ते तासन्‌तास बोलत, कुठल्या मुकादमाला कसा धडा शिकवला ते रंगवून सांगत. वखारीच्या आधीचं विचारलं की म्हणत, “त्याच्या आदी काय न्हवतं.”

आता तेच शब्द तिकडच्या शीटमध्येही होते. समताने गोडीने विचारलं, चहा देऊन विचारलं, पंधरा दिवस थांबून पुन्हा विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी.

“ते काम आमी टाकलं गं,” आप्पा एकदा चिडून म्हणाले. “बाबासायबांनी सांगिटलं, गावकीची कामं सोडा, आमी सोडली. टाकल्यालं उचलून तू परत घरात कशाला आनतीस?”

“घरात न्हाय आणत आप्पा, नोंदीत आणतोय.”

“कुनाच्या नोंदीत? तुज्या कालेजात तुजी नोंद हाय का अजून?”

हे वर्मी लागलं. समता उठून आत गेली आणि तिने नसता आवाज करून भांडी लावली. तिला बापाचा राग आला, इंग्रिडचा आला, आदर्शचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आपण खाजवून खरूज काढतोय हे तिला कळत होतं. पण सोडवतही नव्हतं. एकीकडे शीट बंद व्हायची तारीख जवळ येत होती. त्यानंतर कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.

शेवटी एका रविवारी तिचा संयम सुटला. जेवणं झाली होती, आप्पा सुपारी कातरत बसले होते. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि जवळजवळ ओरडलीच, “बघा आप्पा! पाटील होते. कुलकर्णी होते. सुतार, लोहार होते. तुमी नव्हता! तुमचा बाप नव्हता, तुमचा आजा नव्हता. ह्या लोकांच्या लेखी गावात निरोप न्यायला कुणीच नव्हतं. तुमी गप्प बसा, आणि ह्येच खरं हुईल!”

आप्पांचा अडकित्ता थांबला.

“कोन म्हनतंय न्हवतं म्हनून?”

“हितं लिवलंय.”

“आन् मढ्याचा सांगावा कोन न्यायचं? पाटलाची बायकू?” आप्पांनी सुपारी बाजूला सारली. “लाव तुजं ते मशिन.”

मग ते बोलले. आधी फटकारल्यासारखे, मग सावकाश. काठीला घुंगरं असायची, म्हणजे लांबून कळायचं कोण येतंय, आणि लोकांना बाजूला व्हायला सवड मिळायची. पावसात चिखल गुडघ्याला लागायचा, पण निरोप दुसऱ्या दिवशीवर टाकायचा नाही. पोचल्यावर अंगणाबाहेर उभं राहायचं आणि तिथूनच ओरडून सांगायचं. आत लगेच रडारड सुरू व्हायची आणि आपल्याकडे बघायला कुणाला भान नसायचं. पाणी मागायची सोय नव्हती. कुणाला आठवण झाली तर भाकरीचा तुकडा वरून पडायचा.

“आन् शेवटचा सांगावा?” समताने विचारलं.

“त्यो न्हेलाच न्हाय.”

दीक्षा घेतल्याला वर्ष होत आलं होतं. महारवाड्यातल्या पोरांनी गावकी सोडायच्या आणाभाका घेतल्या होत्या. त्या पावसाळ्यात थोरले पाटील वारले. त्यांच्या तीन लेकी तीन गावांना दिलेल्या. तराळकीची पाळी भीमाप्पांच्या घराची होती आणि बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणजे जायचं भीमाप्पांनी. चावडीवरून बोलावणं आलं. ते गेले, चावडीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, ‘आमी जानार न्हाय. तुमचं मानूस, तुमी कळवा.’

“मग?”

“मग काय. तिघी पोचल्या तवा राख निवली हुती. धाकटीनं तर आमच्या वाड्याकडं त्वांड करून असा टाहो फोडला...” आप्पांनी अडकित्ता मिटून ठेवला. “तिचं काय चुकलं हुतं? बापाचं त्वांड बघायला मिळालं न्हाय तिला. पर माजं तरी काय चुकलं हुतं? तू सांग.”

 मशीन चालू होतं.

त्याच महिन्यात गावाने वाड्याचं पाणी तोडलं, दुकानं बंद केली, रानात पाऊल टाकू दिलं नाही. दिवाळीच्या आत सगळं घर निपाणीला आलं आणि भीमाप्पा वखारीत पोती उचलायला लागले.

समताने जबानी उतरवून काढली, तिचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिली. आठवड्यात उत्तर आलं. इंग्रिड हरखली होती. अत्यंत मोलाची भर आहे, तिने लिहिलं होतं, या गावाची गुंतागुंत आपण फारच कमी लेखत होतो. दोन्ही ओळींत ‘होते’ झालं होतं आणि गावाची रेघ झोकात वर गेली होती. आदर्शने फोन करून अभिनंदन केलं. समताने त्या दिवशी शिरा केला. कितीतरी महिन्यांनी तिला मोकळं मोकळं वाटत होतं.

“आप्पा, झालं,” तिने वाटी पुढे करत सांगितलं. “लिवलं त्यांनी, होते म्हणून. आकडा वाढला.”

“कुनाचा आकडा?”

“गावाचा.”

“गावाचा?” आप्पांनी वाटी खाली ठेवली. “अनवानी पळत हुतो आमी, आन् मार्क गावाला?”

समताच्या हातातला चमचा तसाच राहिला. इतका सरळ प्रश्न तिला वर्षभरात एकदाही सुचला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे ती रेघ आली. वेठ धरली म्हणून वर गेलेली. तिने आपल्या हाताने वर चढवलेली. ‘नव्हते’ हे खोटं होतं, आणि हे ‘होते’ त्याहून वाईट होतं. त्या गावाला तिने आपल्या बापाच्या पायांवर पहिला वर्ग मिळवून दिला होता.

“आन् आमी सोडलं ते लिवलंय का न्हाय?” आप्पांनी विचारलं.

ते लिहिलेलं नव्हतं. जबानीत होतं, पण रकान्यात नव्हतं. रकान्यात ‘होते’पुढे साल घालायची दोन घरं होती, कधीपासून आणि कधीपर्यंत, आणि दुसऱ्या घरात यंत्राने आपोआप काळाचं शेवटचं साल टाकून दिलं होतं. म्हणजे तिकडच्या हिशेबात आप्पा अजून कितीतरी वर्षं घुंगराची काठी घेऊन पळतच होते!

शीट बंद व्हायला दोन दिवस उरले होते. समताने कॉलेजला रजा टाकली आणि मेल लिहायला बसली. शेवटचं साल सत्तावन्न करा. त्या वर्षी हे काम संपलं. इंग्रिडने तत्परतेने विचारलं: संपण्याचं कारण निवडा. खाली यादी होती. युद्ध, दुष्काळ, साथीचा रोग, राज्य बदलणं, नवं तंत्र येणं. समताने ती वरपासून खालपर्यंत वाचली, खालपासून वर वाचली. ‘माणसांनी नकार दिला’ असं कुठेच नव्हतं.

तिने लिहिलं, नकाराचा पर्याय घाला. उत्तर आलं, आता नवा पर्याय घालता येत नाही, सगळ्या जगाची शीटं बदलावी लागतील. तिने लिहिलं, मग निदान काम वेठीचं होतं की खुषीचं, त्याचा रकाना असू द्या. उत्तर आलं, सूचना फार चांगली आहे, पुढल्या टप्प्यात विचार करू. तोवर शेजारी टीप लिहा. टीप गणितात धरली जात नाही, हेही इंग्रिडने प्रामाणिकपणे कळवलं होतं. तिच्या सभ्यपणाने समताचं डोकं जास्तच फिरलं. भांडायला समोर एखादा खवट माणूस असता तर बरं झालं असतं.

तिने आदर्शला फोन करून त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, “आक्का, ‘इतर’ म्हणून हाय बघा तळाला.”

“माझ्या बापाचं ‘न्हाय’ इतरात टाकू?”

“दुसरीकडं कुठं जागा न्हाय वो. मी काय करू?”

त्याचंही खरं होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी समताने कारणापुढे ‘इतर’ निवडलं. टिपेत लिहिलं, ‘निरोप्याने निरोप नेण्यास नकार दिला’, आणि खाली वडिलांचं पूर्ण नाव. मग पाठवा म्हणून दाबलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि रेघ नव्याने काढली. छप्पनपर्यंत ती वर होती तशीच होती. सत्तावन्नला खाली आली. तिथे यंत्राने आपलं आपण एक लाल टिंब ठेवून शेजारी शब्द छापला: ऱ्हास.

समता त्या शब्दाकडे बघत बसली. तिला हुंदका आला आणि त्याचाही तिला राग आला. ज्या दिवशी या गावात एक माणूस माणसासारखा ताठ उभा राहिला, त्याच दिवसापासून गाव घसरलं असं आता जगभर दिसणार होतं, आणि टीप उघडून वाचणार कोण? लॅपटॉप उचलून तो गॅलरीतून खाली टाकावा असं तिला खरोखर वाटलं. तो उचलून ती आप्पांकडे घेऊन गेली.

“हे बघा,” ती म्हणाली.  “ही गावाची रेघ. आणि हे तुमी न्हाय म्हटला ते साल. तुमच्यामुळं गाव खाली आलं, असं म्हणतंय हे.”

आप्पांनी चष्मा लावला. रेघेवर बोट ठेवून ते डावीकडून सावकाश चालत आले आणि लाल टिंबाशी थांबले. तिथून बोट खाली उतरलं, जेमतेम नखभर. पुढे रेघ सरळ गेली होती. त्यांनी बोट मागे नेलं आणि पुन्हा एकदा उतरवून बघितलं.

“एवढंच?” त्यांनी विचारलं.

“एवढंच.”

“आन् आमाला,” आप्पा म्हणाले, “गाव बुडवलं म्हनून हाकलून दिलं.”